काळ्या दोऱ्याचा घड

स्फाक्स, ४ ऑक्टोबर

अम्मारदादा,

सलाम. हे पत्र मोन्सेफच्या वडापच्या गाडीतून येईल. उत्तरही त्याच्याच हाती दे, फोनवर नको. फोनवर तू "हो, हो" म्हणतोस आणि मनात पाटाचं पाणी वळवत असतोस, हे मला लहानपणापासून माहीत आहे.

घरच्या ग्रुपमधून मी काल बाहेर पडले. फोन बिघडलेला नाही, डोकं बिघडायची वेळ आली होती. एका आठवड्यात तू अकरा संदेश पाठवलेस. एकात म्हणे एडीएचडी नावाचा आजारच नाही, तो औषधवाल्यांनी रचलाय. दुसऱ्यात आजार आहे, पण लसीमुळे होतो. तिसऱ्यात लसीमुळे होत नाही, आईच्या मोबाइलमुळे होतो. आणि चौथ्यात तो उंटिणीच्या दुधाने चाळीस दिवसांत जातो! अरे, आधी तुमचं ठरवा तरी. जो आजारच नाही तो चाळीस दिवसांत जाणार कुठे?

त्यावर कडी म्हणजे टीव्हीवरचा संध्याकाळचा कार्यक्रम. पांढरा कोट घातलेला एक माणूस येतो. तो कशाचा डॉक्टर आहे हे निवेदिका विचारत नाही, तोही सांगत नाही. कोट काय, आमच्या शिलाईच्या कारखान्यात डाग काढणारा कामगारही घालतो. हा माणूस मेंदूचं रंगीत चित्र दाखवतो, अर्धं लाल, अर्धं निळं, आणि सांगतो, "बघा, हे गोळ्या खाणारं मूल." आमच्या हाज्जा मोंजिया (माझी सासू म्हणजे आता त्या कार्यक्रमाची शाखाच झाली आहे) लगेच माझ्याकडे वळून म्हणतात, "मी काय म्हणत होते? पोरगी आजारी नाही. आई ढिली आहे."

तुला सगळं माहीत आहे, तरी पुन्हा लिहिते. कागदावरचं तरी तू शेवटपर्यंत वाचशील. रिहाब दहा वर्षांची आहे. ती मठ्ठ नाही, वाईट वळणाची नाही. तिचं लक्ष हातातल्या चिमणीसारखं आहे, मूठ जरा सैल झाली की गेलं. सरकारी इस्पितळातल्या डॉक्टरीणबाईंनी तिला तीनदा बोलावलं. आधी डोळे आणि कान तपासून घेतले. शाळेतल्या मादामकडून प्रश्नांचे कागद भरून आणले. मला विचारलं, हातेमला विचारलं, स्वतः रिहाबला विचारलं. मग कुठे मार्चमध्ये गोळी सुरू झाली. मे महिन्यात एका संध्याकाळी ती स्वयंपाकघरात येऊन म्हणाली, "आई, संपली."

मी म्हटलं, "काय संपलं? तेल?"

"नाही. गोष्ट."

दादा, पोरीने आयुष्यात पहिल्यांदा एक अख्खी गोष्ट पहिल्या शब्दापासून शेवटच्या शब्दापर्यंत वाचली होती. पळी हातात धरून मी तशीच उभी राहिले. खाली शोरबा लागला.

आता हातेम डळमळतोय. स्वभावाने चांगला आहे, पण एका कानात आई आणि दुसऱ्या कानात टीव्ही, मग माणूस किती टिकणार? काल म्हणाला, "थोडे दिवस गोळी बंद करून पाहू का?" त्याचे वडील गेल्यापासून तो तुझा शब्द वडिलांसारखा मानतो. त्याला दोन ओळी लिही, की गोळी बंद करू नकोस. माझं मागणं एवढंच आहे.

मी कारखान्यात उभ्याचं काम सोडून बसून शिवण तपासायचं काम मागून घेतलंय. का, ते पुढे कधीतरी.

खजुराचा घड वेळेवर पाठव. रिहाबने स्वयंपाकघराच्या दारावरचा तुझा खिळा मोकळा करून ठेवलाय. तिथे टांगलेली लसणाची माळही तिने काढायला लावली.

तुझी,
दलेंदा


नेफ्ता, १५ ऑक्टोबर

बिस्मिल्ला.

प्रिय दलेंदा,

पत्र मिळालं. शेवटपर्यंत वाचलं, दोनदा.

संदेशांबद्दल रागावू नकोस. मला त्यातलं काय खरं, काय खोटं कळत नाही. दुपारी बागेत सावलीला बसलो की उघडून ऐकतो. प्रत्येकाच्या शेवटी लिहिलेलं असतं, ज्याच्यावर तुमचं प्रेम आहे त्याला पाठवा. म्हणून पाठवले. आता पाठवणार नाही.

हातेमला मी काय लिहू? माझं शिक्षण सहावीपर्यंतचं. मेंदूच्या गोष्टीत बोलायला माझी लायकी नाही. चुकीचं लिहिलं आणि पोरीचं काही बरंवाईट झालं तर अल्लाहला काय जाब देऊ? पहाटेच्या नमाजानंतर तिच्यासाठी दुआ करतो. माझ्या हातात तेवढंच आहे.

शेजारच्या सालेमच्या उंटिणीचं दूध पाठवतोय, दोन बाटल्या. औषध म्हणून नको, पण दूधच आहे, घरात असू दे.

यंदा फळ बेताचं आहे. घड पाठवता येईल असं दिसत नाही. रिहाबला सांग, मामाने माफी मागितली आहे. तिला फार गोड देत जाऊ नकोस.

अल्लाह तुम्हा सर्वांना सुखात ठेवो.

अम्मार


स्फाक्स, २९ ऑक्टोबर

दादा,

तुझं दूध पोचलं. म्हणजे माझ्यापर्यंत नाही, वडापमधल्या प्रवाशांपर्यंत. उन्हाने बाटलीतलं दूध आंबलं आणि गफ्साच्या पुढे बूच उडालं. मोन्सेफ दारात येऊन ओरडत होता, "ताई, एका म्हाताऱ्याच्या जुब्ब्यावर, एका नव्या नवरीच्या गाठोड्यावर आणि माझ्या टपावर! तुमच्या भावाला सांगा, पुढच्या वेळी अख्खी उंटीणच पाठवा. ती निदान खिडकीतून तोंड बाहेर काढून बसेल." मी त्याला कॉफी पाजली, माफी मागितली. कॉफी पिता पिता तो सहज म्हणाला, "अम्मारच्या बागेत यंदा काय बहर आहे! घड इतके जड आहेत की खाली टेकू द्यावे लागलेत."

टेकू, दादा!

रिहाबच्या जन्मापासून एकही वर्ष तुझा घड चुकला नाही. रस्ते बंद होते त्या वर्षीही लष्कराच्या मालट्रकमधून आला. आणि यंदा फळ बेताचं? तू खोटं बोलतोस तेव्हा तुझी वाक्यं आखूड होतात. तुझं सगळं पत्रच आखूड होतं.

मला कळलं. तुलाही हाज्जांसारखंच वाटतं. आईने वळण लावलं नाही, आता गोळ्या देऊन पोरीला झोपवते, असल्या घरात घड कशाला पाठवायचा? तसं असेल तर सरळ लिही. मी ऐकून घेईन. हल्ली संध्याकाळी रोज ऐकूनच घेते.

आता इथली बातमी. तुझ्या दोन ओळी आल्या नाहीत. तुझं पत्र आलं त्याच्या पुढच्या रविवारी त्या कोटवाल्याने हात जोडून, डोळ्यांत पाणी आणून सांगितलं, "आयांनो, मुलांना या गोळ्यांतून सोडवा." सोमवारी हातेमने डबी कपाटात टाकून किल्ली खिशात घातली. "एक महिनाच, दलेंदा. कपाटात आहे, कुठे पळून जात नाही."

डबी नाही पळाली. पोरगी गेली. परवा शाळा सुटली, ती घरी आलीच नाही. एक तास झाला, दोन झाले. हातेम एका बाजूला, मी दुसऱ्या बाजूला. शेवटी मासळीबाजारातल्या एका कोळिणीने तिला धरून बसवलं होतं, पार बंदराजवळ. मधे रेल्वेचे रूळ लागतात. ते तिने कुठून, कसे ओलांडले हे तिला सांगता येत नाही. एका पायात बूट, दुसऱ्यात नुसता मोजा. मी विचारलं, "अगं, कुठे चालली होतीस?"

ती म्हणाली, "घरीच चालले होते. घर मागे राहिलं."

हातेम रात्रभर तिच्या उशाशी बसून होता. पण कपाट अजून उघडलेलं नाही. सकाळी हाज्जा म्हणाल्या, "औषधाचं विष अंगातून निघताना असं होतं. टीव्हीवर सांगितलंय." आता यावर मी काय बोलू? गोळी घेऊन बरी झाली तर विष चढलं, बंद करून बिघडली तर विष उतरतंय. कसंही पडलं तरी त्यांचंच नाणं.

लिहिलंस तर खरं लिही. नाहीतर नको.

दलेंदा


नेफ्ता, ६ नोव्हेंबर

बिस्मिल्ला.

प्रिय दलेंदा,

रुळांचं वाचलं आणि लगेच लिहायला बसलो. तू खरं मागितलंस, लिहितो. तोंडाने मला सांगता आलं नसतं.

सप्टेंबरच्या शेवटी मी न्हाव्याकडे गेलो होतो. त्याच्याकडे टीव्ही चालू होता आणि तोच पांढऱ्या कोटाचा माणूस बोलत होता. तो म्हणाला, या आजाराचं मूळ साखर. मग हसून म्हणाला, "आमच्या दक्षिणेत तर मूल डोळे उघडायच्या आधीच त्याच्या तोंडात खजूर कोंबतात, आणि मग विचारतात, पोर शांत का बसत नाही?" न्हाव्याच्या दुकानातले सगळे हसले. माझा अर्धा गाल साबणाने भरलेला होता. मला हसू आलं नाही.

रिहाबच्या तोंडात पहिला खजूर कोणी लावला? तुला आठवतं? तुमच्या इस्पितळातल्या खोलीत हातेम घाबरून तिला धरतही नव्हता. मी माझ्या बागेतला सगळ्यात मऊ खजूर रुमालात बांधून आणला होता. मी तो चावून बारीक केला आणि बोटाने तिच्या टाळ्याला लावला. तिने माझं बोट चोखलं. आईच्या दुधाच्याही आधी तिच्या जिभेने माझ्या झाडाची गोडी घेतली, याचा मला किती अभिमान होता! आपल्या वडिलांनी हे केलं, आजोबांनी केलं. ज्या पैगंबरांचं नाव घेताना आपण छातीवर हात ठेवतो, त्यांनीही नवजात बाळांसाठी हेच केलं. त्याला मी नावं ठेवू शकत नाही. मग दोष कुणाचा? माझाच. मी जास्त लावला असेन. माझा खजूर फार गोड असेल. आणि मग दहा वर्षं घडामागून घड पाठवत राहिलो.

हे कुणाला सांगणार? इमामसाहेबांना विचारायचीही लाज वाटली. म्हणून अकरा संदेश ऐकले. त्यातल्या एकात तरी कोणी म्हणेल की खजुराने होत नाही, असं वाटायचं. कोणी म्हटलं नाही. एकात उंटिणीच्या दुधाचा उपाय होता, म्हणून दूध पाठवलं. घड थांबवला. तुझ्याबद्दल मनात कधीच काही वाईट आलं नाही, दलेंदा. मला वाटत होतं की पोरीला मीच आजारी केलं, आणि आता निदान आणखी वाढवू नये.

घड बागेतच आहे. टेकूवर.

तुझा,
अम्मार


स्फाक्स, १३ नोव्हेंबर

दादा, दादा, दादा,

तुझं पत्र मी कारखान्यात जेवणाच्या सुट्टीत वाचलं. आधी रडले, मग इतकी हसले की शेजारच्या फातूमाने माझ्या पाठीत धपका घातला. आणि मग जो राग आला, तो अजून उतरलेला नाही. तुझ्यावर नाही. म्हणजे तुझ्यावरही आहे. पण जास्त त्या कोटवाल्यावर. न्हाव्याच्या दुकानात चार माणसांना हसवायला त्याने एक वाक्य फेकलं, आणि तिकडे माझा भाऊ दीड महिना स्वतःला गुन्हेगार समजत बसला. त्याला कळलंही नसेल. तो तोवर पुढच्या विषयावर गेला असेल. गुडघेदुखीवर.

आता ऐक. आतापर्यंत तू किती बाळांना खजूर लावलास? मी मोजले, रिहाब धरून चौदा. मोन्सेफची जुळी धर. त्यातला एक कोर्टात कारकून आहे, सकाळी आठपासून चारपर्यंत खुर्चीवरून हलत नाही. त्याची बायको म्हणते, घरीही हलत नाही. तुझी स्वतःची तीन मुलं. तुझा थोरला तर इतका शांत की लहानपणी आपण त्याच्या नाकापुढे आरसा धरायचो. यांच्या खजुरात काय साखर नव्हती?

आणि आपले बाबा आठव. दर हंगामात पाच विळे हरवायचे. एकदा झाडावर चढले आणि वर गेल्यावर कशाला चढलो ते विसरून गाणं म्हणत बसले. आई खालून ओरडत होती, "अहो, उतरा, पाहुणे आलेत!" डॉक्टरीणबाईंनी मला पहिल्याच भेटीत विचारलं होतं, घरात असं आणखी कोणी आहे का? हे बऱ्याचदा रक्तातून येतं, म्हणाल्या. मी बाबांच्या विळ्यांची गोष्ट सांगितली तर त्यांनी ती लिहून घेतली.

काल सुट्टी काढून मी मुद्दाम त्यांच्याकडे गेले, कोटवाल्याचं बोलणं कागदावर उतरवून. साखरेने हा आजार होतो का? त्या म्हणाल्या, पुष्कळांनी तपासून पाहिलंय, तसं दिसलेलं नाही. दातांसाठी कमी द्या, ते वेगळं. उंटिणीच्या दुधाच्या ज्या संशोधनाचं तो नाव घेतो ते त्यांनी शोधून वाचलं. बावीस मुलं. दूध दिलं, आणि महिन्याने आयांनाच विचारलं, बरं वाटतंय का? दूध न दिलेली मुलं पाहिलीच नाहीत. दादा, आमच्याकडे दोन हजार शर्टांतल्या बावीस बाह्या पाहून कोणी गठ्ठ्यावर शिक्का मारला तर त्याच दिवशी घरी पाठवतील. इथे त्याला टीव्हीवर बोलावतात.

हे सगळं मी हातेमला सांगितलं. त्याने ऐकलं. म्हणाला, "तो एक सांगतो, या दुसरं सांगतात. दोघेही डॉक्टर. मी साधा वायरमन, मी कुणाचं धरू?" त्याचंही खोटं नाही. दोन मोठी माणसं भांडतात तेव्हा घाबरलेला बाप काहीच करत नाही, आणि काहीच न करण्यात कपाटाची किल्ली खिशात राहते.

मला वादात जिंकायचं नाही. पोरीने रूळ पाहून ओलांडावे एवढंच हवंय. तुझं शिक्षण सहावीपर्यंतचं असेल. हातेमला शिकलेला माणूस नकोय, विश्वासाचा हवाय. लिही त्याला.

दलेंदा


नेफ्ता, २० नोव्हेंबर

बिस्मिल्ला.

प्रिय हातेम,

सलाम. आईला माझा सलाम सांग.

मला औषधातलं कळत नाही. खजुरातलं थोडं कळतं, त्याबद्दलच लिहितो.

वसंतात आम्ही नराचा मोहोर काढून मादीच्या मोहोरात बांधतो, हे तू पाहिलं आहेस. तू एकदा वर चढलाही होतास, मग तुला उतरवायला दोन माणसं लागली होती. प्रत्येकाला वाटतं, आपलंच नरझाड उत्तम. शेजारी सांगतो, "माझ्या झाडाचा मोहोर लाव, फळ दुप्पट." माझे आजोबा वाद घालत नसत. ते म्हणत, "आण." मग एकाच झाडावर सगळ्या मोहोरांत शेजाऱ्याचं बांधत आणि एका मोहोरात आपलं जुनंच. त्या एकाला शेळीच्या केसांचा काळा दोरा गुंडाळत. झाड तेच, पाणी तेच, ऊन तेच. शरद ऋतूत दोऱ्याचा घड आणि बाकीचे घड शेजारी शेजारी ठेवत. मग शेजाऱ्याला बोलावून म्हणत, "आता बोल." आजोबा म्हणायचे, ज्याच्याकडे दोरा नाही त्याने बाजारात बोलावं, बागेत नाही.

तीन वर्षांपूर्वी एक जण पांढरी पूड घेऊन आला होता. मुळाशी टाका, फळ दुप्पट, अमक्याच्या बागेत बघा. मी म्हटलं, सगळ्यांना टाकतो, एक झाड सोडतो. तो म्हणाला, "त्या बिचाऱ्या झाडाने काय घोडं मारलंय?" तेव्हाच मी ओळखलं. त्या वर्षी पाणी भरपूर होतं, सगळ्या बागेला फळ चांगलं आलं. सोडलेल्या झाडालाही.

हातेम, ही अक्कल मला बागेत आहे. न्हाव्याच्या दुकानात मात्र मी ती दाराबाहेर ठेवून गेलो. मला वाटलं, माझ्या खजुराने रिहाब आजारी पडली. चौदा बाळांना मी खजूर लावला, तेरा धडधाकट डोळ्यांसमोर फिरतात, आणि मी एकीकडेच पाहत राहिलो. मी त्याला नम्रता समजत होतो. ती भीती होती. भीतीने मी घड थांबवला. भीतीने तू कपाट बंद केलंस. आपण दोघांनीही प्रेमापोटी केलं, हे खरं आहे. पण पोरगी रुळांवर गेली, हेही खरं आहे.

तुझ्या बायकोचं ऐक किंवा माझं ऐक, असं मी म्हणत नाही. टीव्हीवरच्या माणसाचा दोरा कुठे आहे ते बघ. आणि डॉक्टरीणबाईंकडे जाऊन त्यांनाही तोच प्रश्न विचार. त्यांनाही सोडू नकोस. ज्याच्याकडे दोरा असेल तो दाखवायला रागावत नाही.

सोबत घड पाठवतोय. मोन्सेफने अट घातली आहे की त्यात कुठेही दूध नसावं.

तुझा,
अम्मार


स्फाक्स, १८ डिसेंबर

अम्मारमामा,

हे पत्र मी तीन दिवस लिहितेय. पहिल्या दिवशी "अम्मारमामा" लिहिलं आणि मांजर आली. दुसऱ्या दिवशी पेन सापडलं नाही, ते केसांत होतं. आज गोळी घेतलीय आणि दार लावलंय.

घड खिळ्यावर आहे. अर्धा संपला. त्यातले काही खजूर बाबांनी मला एका गंमतीत दिले, ती सांगते.

तुमचं पत्र बाबांनी गच्चीवर जाऊन वाचलं. मग दुसऱ्या दिवशीपासून ते मला सकाळी शाळेत सोडताना गाडीत कधी खजूर द्यायचे, कधी नाही. आणि म्हणायचे, तोंड पूस, आजीला सांगू नकोस. असं सात दिवस. खजूर मिळाले तीनच दिवस. आजी रोज संध्याकाळी म्हणायची, "आज खजूर खाल्लेस ना? बघा कशी उड्या मारतेय!" बाबा गुपचूप भिंतीवरच्या कॅलेंडरवर खूण करायचे. सातव्या दिवशी त्यांनी कॅलेंडर काढून आजीच्या मांडीवर ठेवलं. म्हणाले, "अम्मा, तू सातही दिवस ओळखलंस. दिले होते तीन दिवस."

आजीने कॅलेंडरवरच्या खुणा बोटाने मोजल्या. मग म्हणाली, "म्हणजे ही पोरगी खजूर न खाताही अशीच आहे?"

बाबा म्हणाले, "हो अम्मा. डॉक्टरीणबाई तेच सांगत होत्या."

आई भांडी घासत होती, ती एकदम बाहेरच निघून गेली. मला वाटलं रडतेय. तर नळाला तोंड लावून हसत होती.

नंतर आम्ही इस्पितळात गेलो. बाबांनी खुर्चीवर बसायच्या आधीच विचारलं, "बाई, तुमचा दोरा कुठे आहे?" त्या घाबरल्या. मग बाबांनी तुमच्या आजोबांची सगळी गोष्ट सांगितली, शेळीच्या केसांसकट. त्यांनी चष्मा काढला आणि खूप खूश झाल्या. म्हणाल्या, आमच्याकडे पण दोरा असतो. अर्ध्या मुलांना खरी गोळी, अर्ध्यांना तशीच दिसणारी नुसती गोळी, आणि कोणाला कुठली हे मुलांना पण माहीत नसतं आणि तपासणाऱ्या डॉक्टरला पण नसतं. असं पुष्कळ देशांत, पुष्कळ मुलांवर केलंय. बाबांनी अजून खूप विचारलं. बाहेरचे लोक दार वाजवायला लागले. बाईंनी हे पण सांगितलं की गोळी सगळ्यांना सारखी लागू पडत नाही, आणि भूक कमी होते, म्हणून दर वेळी माझं वजन करणार. आणि गोळीने आजार पळून जात नाही, चष्म्यासारखं असतं. चष्मा लावला की दिसतं, काढला की डोळे तेच. बाबा म्हणाले, या माणसाने आधी आपल्याच मालातलं वाईट सांगितलं, हिच्याशी व्यवहार करायला हरकत नाही. (बाबांनी बाईंना माणूस म्हटलं.)

घरी आल्यावर त्यांनी कपाट उघडलं आणि किल्ली आईला देऊन टाकली.

आता मी रुळांपाशी थांबते. दोन्हीकडे बघते. काल मांजराकडे पण बघितलं, पण आधी रुळांकडे बघितलं.

मी तिसरी गोष्ट वाचून संपवली. चौथी अर्धी झालीय. आजी अजून तो कार्यक्रम बघते, पण मध्येच विचारते, "हातेम, याच्याकडे दोरा आहे का रे?" काल गुडघेदुखी होती. बाबा म्हणाले, नाही. आजीने टीव्हीला "चल, हो बाजारात!" म्हटलं आणि तरी शेवटपर्यंत बघितला.

मामा, बाळ मार्चमध्ये येणार आहे. हे आईने लिहू नको म्हणून सांगितलं होतं, ती तुम्हाला स्वतः कळवणार होती. पण आता लिहिलं गेलं, आणि खोडलं तर पान घाण होईल. आई बाबांना सांगत होती की कोटवाल्याने काहीही बडबड करू दे, पहिला खजूर अम्मारदादाच लावणार, आणि तो घाबरला तर त्याचं बोट धरून मी लावून घेईन.

तर तुम्ही या. घाबरू नका. मी तुमच्या शेजारी उभी राहीन.

तुमची,
रिहाब


नेफ्ता, २ जानेवारी

बिस्मिल्ला.

प्रिय रिहाब,

तुझं पत्र मी सगळ्यांना वाचून दाखवलं. इमामसाहेबांनाही. न्हाव्याच्या दुकानातही, टीव्ही बंद करायला लावून.

आईला रागावू देऊ नकोस. सांग की मला काहीच कळलेलं नाही, तिने कळवलं की मी नव्याने आनंद करीन.

मार्चमध्ये मोहोर बांधायचं काम असतं. दहा वर्षांपूर्वी तुझ्यासाठी सोडलं होतं, तसं यंदाही सोडून येईन. कोठीत आढ्याला एक छोटा घड वेगळा टांगला आहे. फार नाहीत, पंचवीस-तीस खजूर असतील. सगळ्यात मऊ. काल त्याला काळा दोरा गुंडाळला. यंदा कशाशी ताडून पाहायचं नाही. हा घड कुणाचा आहे ते घरात सगळ्यांना कळावं आणि कुणी हात लावू नये, म्हणून.

तू म्हणतेस तशी शेजारी उभी राहा. माझं बोट थरथरेल.

तुझा मामा,
अम्मार